पडद्यामागचा कालिया

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी तिचे नाव दूरवर पोचलेले आहे. आमच्या लहानपणी मात्र आम्हां मुलांचा जीव घोड्यांपेक्षा फिरत्या सिनेमाच्या तंबूत अधिक अडकलेला असे. त्या वेळी नंदुरबारचा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. बायकांनी आणि लहान मुलांनी निवांत बसून चित्रपट पाहायचा तर यात्रा, आणि यात्रेतला तो तंबू.

तंबूत पडदा मध्यावर ताणलेला असे. एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका आणि पोरे. चित्र फेकणारे यंत्र पुरुषांच्या बाजूला. म्हणजे आम्ही सगळे पडद्याच्या मागे! कापडातून झिरपून आलेले चित्रच आमच्या वाट्याला येई, आणि तेही उलटे. अक्षरे उलटी, तलवारी डाव्या हातात. एका वर्षी बाळकृष्णाचे चित्र लागले होते, तर त्याची मुरली भलत्याच बाजूला. मी माईला विचारले, “माय, देव डावखुरा होता का गं?” माय पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “पलीकडून बघशील तर उजवा दिसेल. गप बस.”

त्या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. चित्रपटांचा जुना इतिहास वाचू लागलो आणि ध्यानात आले, की आपल्याकडे बाळगोपाळांची अद्भुत गोष्ट पडद्यावर पहिल्यांदा आणली गेली, तिची खरी हकिगतही अशीच पडद्याच्या मागच्या बाजूने पाहावी लागते. पलीकडून दिसतो चमत्कार. अलीकडून दिसते एक घर.

ही गोष्ट कालियामर्दनाची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात जा, चार वर्षांच्या पोराला ती ठाऊक असते. यमुनेच्या डोहात विषारी नाग, काठावर खेळणारी पोरे, चेंडू पाण्यात पडतो, कृष्ण कदंबावरून उडी घेतो, आणि थोड्या वेळाने नागाच्या फणेवर नाचत वर येतो. यात भीती आहे, खेळ आहे, आईचा आकांत आहे, आणि शेवटी सगळे गोड. मुलांना आणखी काय हवे? गंमत अशी, की भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे, पण त्यात चेंडू नाही. तिथे गाईगुरे आणि गोपाळ विषारी पाणी पिऊन पडतात, म्हणून कृष्ण उडी घेतो. चेंडू मागाहून, लोकांच्या तोंडी फिरताना, त्या कथेत आला. डोहात उतरायला लहान मुलाला काहीतरी मुलांचेच कारण हवे, हे कुणा तरी आजीने ओळखले असेल. जुन्या कथेचे मुलांसाठी रूपांतर करण्याचे काम कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या माजघरांत चालू होते.

पुढे ते काम कॅमेऱ्याने करायचे ठरवले धुंडिराज गोविंद फाळके यांनी. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस म्हणजे नाना विद्यांचा संग्रह. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मग छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यात नकाशे काढणे, पुढे छपाईचा धंदा. यांतच आणखी एक विद्या होती, जादूची. जादूचे प्रयोग करताना ते स्वतःला ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवीत. वाचकहो, हे नाव उलट्या बाजूने वाचून पाहा. आमच्या तंबूतल्या पडद्याप्रमाणेच मागून पुढे वाचले, की ‘फाळके’ निघते!

चित्रपटाचे वेड त्यांच्या घरात शिरले ते मुलाच्या तोंडून. १९११ साली फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला घेऊन मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रगृहात गेले. पडद्यावर हालतीचालती जनावरे पाहून पोर थक्क झाले आणि घरी येऊन त्याने आईला सांगितले. सरस्वतीबाईंचा काही विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके साऱ्या घरालाच घेऊन गेले. तो ईस्टरचा सण होता. जनावरांऐवजी ख्रिस्ताच्या जीवनावरचे चित्र लागले होते. पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या आपल्या लेखांत फाळक्यांनी लिहून ठेवले आहे, की डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मनात मात्र श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, त्यांचे गोकुळ, त्यांची अयोध्या उभी राहत होती. कृष्ण असा अगदी पहिल्या दिवशीच मनात आला. तो मनातून पडद्यावर यायला पुढे सात-आठ वर्षे लागली.

मधल्या काळात पैसा उभा करणे आले. आयुष्याचा विमा गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये इंग्लंडची बोट धरली. लंडनमध्ये ओळखीचे कुणी नाही. ‘बायोस्कोप’ नावाचे साप्ताहिक ते मुंबईत वाचीत असत, तेवढ्या धाग्यावर ते थेट त्याच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. संपादक कॅबर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. पण माणूस हटत नाही असे दिसताच त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. टेम्स नदीकाठी वॉल्टन गावी हेपवर्थांचा स्टुडिओ होता. तिथे फाळक्यांनी चित्रे कशी घेतात, धुतात, जोडतात ते डोळ्यांनी पाहिले.

आता हे हेपवर्थ कोण? लुई कॅरल यांचे ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे १८६५ सालचे पुस्तक आपल्याकडच्याही अनेक मुलांनी वाचलेले असेल. कॅरलनी ती गोष्ट प्रथम सांगितली होती १८६२ साली, होडीतून चाललेल्या तीन लहान मुलींना, टेम्सवरच. ती गोष्ट पडद्यावर पहिल्यांदा आणली ती याच हेपवर्थांनी, १९०३ मध्ये, पर्सी स्टो यांच्या साहाय्याने. चित्र आठशे फूट लांब, चालायला दहा-बारा मिनिटे. पण त्या काळच्या इंग्लंडात तेवढे लांब चित्र ही नवलाची गोष्ट होती. ॲलिस लहान होते, मोठी होते, तान्ह्या मुलाचे डुक्कर होते, हे सगळे कॅमेऱ्याच्या करामतीने दाखवले होते. आणि माणसे कुठली? ॲलिसचे काम मे क्लार्क या स्टुडिओत काम करणाऱ्या मुलीने केले. पांढरा ससा झाल्या होत्या हेपवर्थांच्या पत्नी. बेडकाच्या तोंडाचा नोकर झाले होते खुद्द हेपवर्थ. पडद्यावर येणारा कुत्रा त्यांच्या घरचा, आणि झाडीत हसणारे ते प्रसिद्ध मांजरही घरचेच!

फाळके ज्या गुरूच्या दारी गेले, त्याने मुलांची अद्भुत नगरी आपल्या घरातल्या माणसांनी आणि जनावरांनी उभी केली होती. फाळक्यांनी मुंबईला येताना विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. बाकीचे सारे साहित्य त्यांच्याही घरातच होते.

दादरच्या घरी पहिला प्रयोग झाला तो वाटाण्याचा. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि रोज थोडी थोडी फिल्म फिरवून त्याचे चित्र घ्यायचे. असा महिनाभराचा उद्योग झाल्यावर पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते. काळाची गाठोडी बांधता येते, हे त्या वाटाण्याने सिद्ध केले. ते चित्र पाहून पैसे लावणारा माणूस मिळाला, आणि ‘राजा हरिश्चंद्रा’ची तयारी सुरू झाली.

हेपवर्थांच्या घरात कुटुंबाचा हातभार होता. फाळक्यांच्या घरात तर कुटुंबाने धंदाच डोक्यावर घेतला. परदेशातून येणारी फिल्म कोरी, कडेला भोके नसलेली. दिवसभराचा संसार आटोपल्यावर काळोख्या खोलीत बसून त्या फिल्मला भोके पाडायचे काम सरस्वतीबाईंचे. एक भोक चुकले तर चित्र पडद्यावर उडी मारणार. म्हणजे अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने, चूक न करता. फिल्म कॅमेऱ्यात भरणे त्या शिकल्या, औषधे कालवणे शिकल्या. चित्रण सूर्यप्रकाशात चाले, तेव्हा नटांच्या तोंडावर उजेड पाडण्यासाठी पांढरी चादर ताणून उन्हात उभे राहणेही त्यांच्याकडे. नटमंडळी घरीच जेवत; तो स्वयंपाकही त्यांचाच. आणि दागिने? ते कुठे गेले हे सांगायला नको. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ सालच्या चित्रपटात या घराची धांदल मोठ्या प्रेमाने रंगवलेली आहे. पुष्कळांनी ती पाहिली असेल.

एवढे करून तारामती मिळेना. चित्रात काम करायला एकही स्त्री तयार होईना, नाटकवाल्या नाहीत आणि वेश्याही नाहीत. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके सापडले. हात नाजूक, अंग सडपातळ. दहा रुपये पगार होता, तो पंधरा करून त्यांना आणले आणि मिशा काढायला लावून राणी केले. रोहिदास झाला घरचाच भालचंद्र. ज्याने आईला पहिल्यांदा चित्रांची बातमी दिली, तोच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

त्या चित्राची सुरतेची हकिगत आम्हां नंदुरबारकरांना जरा जवळची वाटते. सुरत-भुसावळ लोहमार्ग आमच्या गावावरून जातो, त्यामुळे सुरत आम्हांला मुंबई-पुण्यापेक्षा ओळखीची. तिथल्या चित्रगृहवाल्याने फाळक्यांना ऐकवले, की इथल्या लोकांना दोन आण्यांत तासन् तास नाटक पाहायची सवय, तुमच्या एवढ्याशा चित्राला कोण येणार? प्रोफेसर केळफा हार जाणारे नव्हते. त्यांनी जाहिरात केली, की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि किंमत फक्त तीन आणे! गर्दी लोटली. आता वाचकांनी थोडे गणित करावे. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले तर साडेतीन हजार फुटांच्या वर थोडे येते. म्हणजे पाऊण मैलही धड भरत नाही. चित्रांचा आकडा खरा होता. मैलांची जादू होती. पण ती सत्तावन्न हजार चित्रे एकेक करून कॅमेऱ्यासमोरून सरकली होती, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना कुणी तरी भोके पाडली होती, हे तीन आणे देणाऱ्याला कुठे ठाऊक!

१९१७ साली ‘लंकादहन’ आले. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंक्यांच्याच. मारुतीचे उड्डाण आणि जळती लंका पाहायला लोकांची झुंबड उडाली. मद्रासेत तिकिटांचे पैसे बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावे लागले, असे सांगतात. त्याच सुमारास फाळक्यांनी एक छोटे चित्र काढले, ‘चित्रपट कसे तयार करतात’. स्वतः फाळके त्यात काम करताना दिसतात. नटांना शिकवणे, चित्रे घेणे, फिल्म तपासणे, सारे दाखवलेले आहे. जादूगार आपली करामत सहसा कुणाला सांगत नाही. या जादूगाराने ती उघड्यावर मांडली. असे का केले असेल, याचे उत्तर मला ‘कालियामर्दना’त मिळाले.

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. आता हाताशी पैसा होता, जागा होती. पहिल्या दिवसापासून मनात बसलेला कृष्ण आता बाहेर आला. १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’. कृष्ण कोण करणार? फाळक्यांनी पुन्हा घरातच पाहिले. सात वर्षांची मुलगी मंदाकिनी अंगणात खेळत होती. सहा वर्षांपूर्वी बाई मिळेना म्हणून पुरुषाला तारामती केले, आणि आता मुलीलाच कृष्ण केले.

‘कालियामर्दना’चा आरंभ पाहण्यासारखा आहे. गोकुळ नाही, यमुना नाही. पडद्यावर येते ती मंदाकिनीच. सात वर्षांची ही कलावती चेहऱ्यावरचे भाव दाखवणार आहे, असे आधी अक्षरांत सांगितलेले. मग तिच्या त्या बालमुद्रेवर एकेक भाव उमटतो आणि विरतो. आणि मग तिची आकृती विरघळत जाऊन तिच्या जागी मुकुट घातलेला बाळकृष्ण उभा राहतो. विचार करा. ज्या काळी पडद्यावरच्या रामाला लोक हात जोडीत, त्या काळी हा माणूस देव दाखवण्यापूर्वी सांगतो, की ही माझी मुलगी. आता हिचा देव होणार आहे, नीट बघा.

यात चमत्काराची हानी झाली का? मुळीच नाही. दिवाळीत मुले किल्ला करतात तो आठवावा. माती आपणच आणलेली, दगड आपण रचलेले, हळिवाची शेतेही आपणच पेरलेली. तरी त्यावर शिवाजी महाराज बसवले, की तो रायगड होतो, आणि मोठ्या माणसाचा पाय चुकून लागला तर पोर खरोखर रडते. माती आहे हेही त्याला ठाऊक असते आणि रायगड आहे हेही. दोन्ही एकदम ठाऊक असण्याची ही विद्या मुलांना उपजत येते. मोठेपणी आपण ती हरवतो. फाळक्यांनी मुलांच्या या विद्येवर विसंबून चित्र काढले.

पुढे चित्रातही नागाची घाई नाही. बराच वेळ नुसत्या खोड्या चालतात. बालगोपाळांचा अपमान करणाऱ्यांची फजिती होते. कृष्ण रात्री एका शेठजीच्या घरात शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो! ज्या कुणा आजीने कथेत चेंडू घातला, तिचीच ही जात. मग डोह येतो. वर काठावर गोकुळ आकांत करते आहे, खाली पाण्यात एवढेसे पोर अजस्र नागाशी झुंजते आहे. चित्र एकदा वर जाते, एकदा खाली येते. आजच्या मुलाला तो नाग बनावट आहे हे पहिल्याच क्षणी कळते. तरीही पोर फणेवर उभे राहून वर येते, तेव्हा ते टाळी वाजवते. त्या काळी अशा दृश्यांसाठी कॅमेऱ्याशिवाय दुसरे साधन नव्हते. फिरवता फिरवता थांबायचे, वस्तू बदलायची आणि पुन्हा फिरवायचे. किंवा फिल्म मागे नेऊन तिच्यावरच दुसरे चित्र घ्यायचे. एक पाऊल चुकले तर सारे पहिल्यापासून. सात वर्षांच्या मुलीला त्या कामात किती वेळा ‘पुन्हा एकदा’ ऐकावे लागले असेल, याची कल्पना मुलांचे बाप असलेल्या वाचकांनी करावी.

या चमत्कारांच्या नशिबी पुढे काय आले, तेही सांगितले पाहिजे. हेपवर्थांची कंपनी १९२४ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि त्यांच्या मूळ फिल्मा वितळवून टाकण्यात आल्या. ‘ॲलिस’ची एक जीर्ण प्रत तेवढी उरली, काही भाग गळालेला, डाग पडलेली. ती दुरुस्त होऊन २०१० मध्ये पुन्हा लोकांपुढे आली. फाळक्यांचे भागीदारांशी पटले नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले, परत आले, पुन्हा चित्रे काढू लागले. १९३७ चे ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता एक बोलपट आणि अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. त्यांच्या हयातीतल्या चित्रांची संख्या शंभराच्या आसपास जाते; त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही बहुतेक तुकड्यांत, आज शिल्लक आहेत. ती जुनी फिल्म पेट घेणारी, उष्ण हवेत विरघळून चिकट होणारी. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुन्या फिल्मा गोळा करायला सुरुवात केली. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांना जे मिळाले, त्यातून ‘राजा हरिश्चंद्रा’चा काही भाग आणि ‘कालियामर्दना’चा बराचसा भाग वाचला. आज पाऊण तासाच्या आसपास तो पाहता येतो.

हे जे वाचले, तेही पुन्हा एका घरानेच जपले होते, हे विसरू नये. फाळक्यांच्या नावाने १९६९ पासून देशाचा मोठा पुरस्कार दिला जातो, तो योग्यच आहे. परंतु काळोख्या खोलीत बोटांनी फिल्म चाचपणारी सरस्वतीबाई पडद्यावर दिसत नाही. तिच्या हातांची भोके चित्राच्या कडेला आहेत. ती यंत्राच्या दातांत अडकतात आणि चित्र पुढे सरकते.

सारंगखेड्याची यात्रा अजून भरते, घोडे अजून येतात. तो तंबू मात्र आता नाही. गेल्या वर्षी नातवाला मांडीवर घेऊन मी ‘कालियामर्दन’ पाहिले, घरी, लहानशा पडद्यावर, अगदी समोरून. पहिल्या दृश्यात मंदाकिनी हसली तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, ही तर मुलगी आहे.” मी म्हटले, “हो. फाळक्यांची मुलगी.” नंतर डोहातून कृष्ण वर आला तेव्हा मी मुद्दाम विचारले, “हा कोण रे?” त्याने माझ्याकडे असे पाहिले, की एवढेही आजोबांना कळत नाही!

“कृष्ण,” तो म्हणाला. “आणि गप बसा ना!”